तांत्रिक प्रगती व विकासाच्या मर्यादा

तांत्रिक प्रगती व विकासाच्या मर्यादा : पृथ्वीवरील साधनसंपत्ती परिमित असताना उत्पादन व लोकसंख्या यांची वाढ किती काळ चालू राहू शकेल आणि नवीन शोध व तंत्रे यांच्या साहाय्याने ही मर्यादा कितपत पुढे ढकलता येईल, यांविषयीचा तज्ञांमधील वाद. त्याची मुळे मॅल्थसच्या लोकसंख्याविषयक निबंधापर्यंत (१७९८) जातात. तथापि त्यास आजचे स्वरूप आले, ते द लिमिट्स टू ग्रोथ (१९७२) या ग्रंथामुळे.

रोम क्लबच्या विनंतीवरून मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डेनिस मेडोज, डोनेला मेडोज व त्यांचे सहकारी यांनी लोकसंख्या, औद्योगिक उत्पादन, अन्नोत्पादन, प्रदूषण व पुन्हा निर्माण न होणारी साधनसंपत्ती या पाच घटकांचे परस्परसंबंध दर्शविणारे संगणकीय प्रतिमान तयार केले. तत्कालीन प्रवृत्ती तशाच चालू राहिल्यास २१०० सालापूर्वी वाढ थांबून ऱ्हास सुरू होईल, असे त्यातून दिसून आले. खनिजांचे साठे दुप्पट धरले, तरी ऱ्हास टळत नाही. टंचाईऐवजी प्रदूषण हे त्याचे कारण होते, एवढाच फरक. हे निष्कर्ष सशर्त होते, ही गोष्ट ग्रंथाचे चाहते व टीकाकार या दोघांनीही पुष्कळदा दृष्टिआड केली.

ससेक्स विद्यापीठातील क्रिस्टोफर फ्रीमन प्रभृतींनी १९७३ मध्ये या प्रतिमानाची चिकित्सा केली. वापर व प्रदूषण चक्रवाढ गतीने वाढतात, असे गृहीत धरणाऱ्यांनी तंत्रातील सुधारणा मात्र एकदाच घडणारी मानली, हा त्यांचा मुख्य आक्षेप. साधनसंपत्तीची उपलब्धता व प्रदूषणनियंत्रण यांत अल्प परंतु अखंड सुधारणा होत राहते, असे धरल्यास ऱ्हास लांबणीवर पडतो. अर्थात अशी सुधारणा अखंड होतच राहील, हेही एक गृहीतच होय.

अर्थशास्त्रज्ञ जूल्यन सायमन यांच्या मते टंचाईमुळे किंमत वाढते आणि वाढलेली किंमतच पर्यायाच्या शोधास चालना देते. त्यांनी १९८० मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांच्याशी क्रोमियम, तांबे, निकेल, कथिल व टंगस्टन या पाच धातूंच्या किंमतींवर दहा वर्षांची पैज लावली. या दशकात जगाची लोकसंख्या ८० कोटींहून अधिक वाढली, तरी चलनवाढ वजा जाता पाचही धातू स्वस्त झाले व १९९० मध्ये अर्लिक यांना ५७६·०७ डॉलर द्यावे लागले. ही पैज मनोरंजक असली, तरी तिच्यावरून फारसे सिद्ध होत नाही. कथिलाची घसरण मुख्यतः त्याची किंमत टिकवून धरणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९८५ मध्ये कोसळल्याने झाली होती. शिवाय अन्य काही दशके निवडली असती, तर अर्लिक जिंकले असते. अधिक महत्त्वाचे म्हणजे धातूला बाजारभाव असतो. धूर सामावून घेणाऱ्या वातावरणाला तो नसतो आणि म्हणून तेथे टंचाईची सूचना किंमतीद्वारे मिळतच नाही.

मतभेदाचे मर्म पर्यायक्षमतेच्या प्रश्नात आहे. रॉबर्ट सोलो यांच्या मते नैसर्गिक साधनांची जागा यंत्रे व ज्ञान यांनी भरून काढता येत असेल, तर त्यांचा क्षय हे संकट ठरत नाही. हर्मन डाली यांना हे अमान्य होते : मासेच उरले नाहीत, तर नौका वाढवून काय उपयोग? अर्जेंटिनातील बारीलोचे प्रतिष्ठानच्या अभ्यासकांनी (१९७६) दोन्ही पक्षांना बाजूस सारून प्रश्नच बदलला. जगातील बहुसंख्यांच्या बाबतीत दारिद्र्याची मर्यादा आधीच आलेली आहे आणि ती निसर्गाने नव्हे, तर विषम वाटपाने घातली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अविकसित देशांच्या दृष्टीने हा युक्तिवाद सर्वांत वजनदार होय.

तंत्र आपोआप योग्य दिशेने वळते की धोरणाने वळवावे लागते, याचे बोलके उदाहरण क्लोरोफ्ल्युओरोकार्बन संयुगांचे आहे. त्यांमुळे ओझोनच्या थराला धोका असल्याचे १९७४ मध्ये दाखविले गेले; परंतु पर्यायांकडे उद्योगांची सार्वत्रिक वाटचाल १९८७ च्या माँट्रिऑल करारातील निर्बंधांनंतरच झाली. त्यांच्या जागी आलेली हायड्रोफ्ल्युओरोकार्बन संयुगे ओझोनला निरुपद्रवी असली, तरी तीव्र तापवर्धक निघाली आणि त्यांचा वापर घटविण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती करावी लागली.