वहीच्या कव्हरवरचं पत्र पुरावा म्हणून चालतं का?

म्युझियमच्या दुकानात चित्रकारांच्या पत्रांवरून बनवलेल्या वह्या, लेटरपॅड, बुकमार्क मिळतात. जुनं वळणदार अक्षर, मागे फिकट चित्र. वही जरूर घ्या. पण तिच्यावरची ओळ थीसिसच्या पहिल्या पानावर टाकायचा मोह झाला, तर जरा थांबा.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश रोमँटिक निसर्गचित्रकाराचंच बघू. चित्रकला म्हणजे भावनेचंच दुसरं नाव, अशा अर्थाचं त्याचं प्रसिद्ध वाक्य त्याने 23 ऑक्टोबर 1821 ला जॉन फिशर या मित्राला लिहिलेल्या पत्रातलं. कव्हरवर मस्त दिसेल! पण त्याच पत्रात निसर्गचित्रात आकाशाचं काम काय, याची तो अगदी कारागिरासारखी चर्चा करतो. गिरणीच्या बांधावरून सुटणारं पाणी, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब आपल्याला आवडतात, असंही सांगतो. सुटी ओळ वाचली तर हळवा कलावंत दिसतो, अख्खं पत्र वाचलं तर डोळे उघडे ठेवून हिंडणारा माणूस.

दुसरी अडचण जास्त गंभीर. त्याची पत्रं वाचकांपुढे आली ती मुख्यतः सी. आर. लेस्ली या मित्राने 1843 मध्ये काढलेल्या चरित्रातून, आणि लेस्लीने त्याची तिखट जीभ बरीच मवाळ केली. पुढे 1960च्या दशकात आर. बी. बेकेट यांनी हा पत्रव्यवहार सहा खंडांत संपादित केला. त्यामुळे ‘कॉन्स्टेबल म्हणतो’ असं लिहिताना कोणाच्या पाठातला कॉन्स्टेबल, हेही द्यावं लागतं.

(लेटरपॅडसोबत जुळणारे लिफाफे देतात, त्याची गंमत वाटते. तेव्हा टपालखर्च कागदांच्या संख्येवर असायचा, लिफाफा म्हणजे एक कागद जास्त. म्हणून पत्रच घडी घालून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहीत.)

आम्हा सायन्सवाल्यांना भावतात ते त्याचे ढग. 1821-22 मध्ये हॅम्पस्टेडला केलेल्या ढगांच्या अनेक अभ्यासचित्रांच्या मागे त्याने तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिली आहे. जॉन थॉर्न्स या अभ्यासकाने या नोंदी त्या काळच्या हवामान-नोंदींशी ताडून पाहिल्या. तारीख नसलेली चित्रं कधीची असतील, याचा अंदाजही त्यातून बांधता आला. म्हणजे खरा डेटा पाठीमागे, आणि वहीवर छापली जाते ती पुढची बाजू.

वहीच्या शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचा. मूळ वस्तूचा संग्रह-क्रमांक सापडला, तर तो म्युझियमच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये टाका. पाठीमागचा मजकूर बऱ्याचदा तिथे टाइप करून दिलेला असतो.