थंडीताप ओळखीचा, आफ्रिकेतला मात्र वेगळा

वरूडकरांना थंडीताप समजावून सांगावा लागत नाही. आरोग्य सेवक दारी येतो, बोटाला सुई टोचतो, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन जातो, हे इथे लहानपणापासून पाहण्यातले. शेजारच्या मेळघाटात तर हिवतापाचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचा. केनिया-टांझानियाच्या सफारीला निघताना हीच ओळख नडते. 'आम्ही डासांतच वाढलो, आम्हाला काय होणार?' असे घरोघरी ऐकू येते.

हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा लागण झाल्यावर येते, तीही अर्धीमुर्धी. लागण थांबली की काही वर्षांत ती ओसरते. संत्रापट्ट्यातल्या गावात राहणाऱ्या, चार-पाच वर्षांत हिवताप न झालेल्या माणसाकडे ती जवळपास नसतेच. शिवाय आपल्याकडच्या थंडीतापात 'व्हायव्हॅक्स' या सौम्य जातीचा वाटा मोठा असतो. सहाराच्या दक्षिणेला राज्य आहे ते 'फॅल्सिपॅरम'चे. तो तांबड्या पेशींना चिकट करतो, मेंदूतल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि साधा वाटणारा ताप एक-दोन दिवसांत जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली शंभरातली पंचाण्णव आफ्रिकेतली होती.

'इंजेक्शन घेतलं ना, मग मलेरियाची भीती कशाला?' हा गैरसमज सगळ्यांत जास्त पसरलेला आहे. सफारीआधी घेतात ती लस यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराची. तो विषाणूचा आजार, हिवताप परजीवीचा. एकाच्या लसीचा दुसऱ्याला काडीचाही उपयोग नाही. या लसीचे प्रमाणपत्र केनियाहून परतताना आपलाच देश मागतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, गल्लोगल्ली आहे. म्हणून प्रमाणपत्राविना परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि अशी केंद्रे मोठ्या शहरांत मोजकी आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. म्हणजे तिकिटांसोबतच लसीची तारीखही ठरवायला हवी. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

मग हिवतापाची लस नाहीच का? आहे, आणि तिचा संबंध पुण्याशी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली 'आर २१' ही लस सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. पण ती आहे हिवतापग्रस्त भागातल्या लहान मुलांसाठी. दहा दिवसांच्या पर्यटकासाठी नाही.

प्रवाशाचे संरक्षण गोळ्याच करतात. इथे 'क्लोरोक्विन घेऊ, आपल्या दवाखान्यात मिळतेच' हा गैरसमज आडवा येतो. आफ्रिकेतला फॅल्सिपॅरम क्लोरोक्विनला केव्हाच निर्ढावला आहे. तिथल्या प्रवासासाठी तीन पर्याय आहेत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणि डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधीपासून. फिट येणाऱ्यांना किंवा मानसिक आजार झालेल्यांना मेफ्लोक्विन चालत नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला आणि लहान मुलांना देत नाहीत. ती भरपूर पाण्यासोबत घ्यावी, घेतल्याबरोबर आडवे होऊ नये आणि उन्हापासून जपावे. गरोदरपणी तर ही सहल पुढे ढकललेलीच बरी. कोणाला कोणती गोळी, हे डॉक्टरच ठरवतील, आणि त्यासाठी त्यांच्याकडे महिनाभर आधी जायला हवे.

घरी परतल्यावर गोळ्या थांबवणे ही तर सर्रास होणारी चूक. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात दडतो आणि काही दिवसांनी रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन व मेफ्लोक्विन मुख्यतः रक्तातल्या परजीवीला मारतात, म्हणून त्या परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करते, म्हणून तिला सात दिवस पुरतात.

'मसाई मारा थंड हवेचं, तिथे डास कुठले?' मारा चिखलदऱ्याहून उंच आहे हे खरे. पण केनियात अडीच हजार मीटरखालच्या सगळ्या भागात हिवतापाचा धोका धरतात. आपल्या शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्ट्या लागतात, नेमका तेव्हा पूर्व आफ्रिकेत मोठा पावसाळा असतो. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. तेव्हा सूर्य कलला की पूर्ण बाह्या, डीईईटी असलेले मलम आणि रात्री मच्छरदाणी. लसूण खाऊन किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी डास दूर राहत नाहीत.

विदर्भापुरता एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. 'सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही' हे वाक्य अर्धसत्य आहे, म्हणून धोक्याचे. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्याच अभ्यासातून दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना फॅल्सिपॅरमपासून काहीसे संरक्षण मिळते. पण ते वाहकांना आणि तेही अर्धवट. गोळ्या त्यांनाही घ्याव्याच लागतात. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याच्यासाठी हिवताप इतरांहून अधिक घातक ठरतो. घरातल्यांचे सिकलसेल कार्ड प्रवासाआधीच डॉक्टरांना दाखवा.

राहिला परतल्यानंतरचा ताप. फॅल्सिपॅरमची लक्षणे साधारण आठवड्यानंतर आणि बहुधा महिन्याभरात दिसतात, कधी तीन महिन्यांपर्यंतही. जुलै-ऑगस्टची सफारी करून आलेला माणूस वरूडात डेंग्यू आणि स्क्रब टायफसच्या हंगामात तापतो. अशा वेळी 'व्हायरल असेल' म्हणून तीन दिवस घरी काढू नयेत. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि पहिले वाक्य 'मी आफ्रिकेतून आलोय' हे असावे. गोळ्या नियमाने घेतल्या असल्या तरीही रक्ततपासणी करावीच. पहिली पट्टी निगेटिव्ह आली, तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने आणखी दोनदा तपासून घ्यावी.