लुकलुकणारा पडदा

रायपूरहून भिलाईकडे जाताना खारून नदी ओलांडली की दुर्ग जिल्हा लागतो आणि लवकरच कुम्हारी हे गाव येते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे एक लहानसे स्थानक. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे ह्या परिसरात येऊन राहिली; त्यांत मराठी कुटुंबेही होती.

समजा, अशाच एका कुटुंबातील मुलगी कुम्हारीच्या घरी रात्री प्रवेशाचा अर्ज भरावयास बसली आहे. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपते. दुपारी लॅपटॉपने ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी आवृत्ती आपण होऊन उतरवून घेतली, आणि तेव्हापासून पडदा लुकलुकू लागला. मुलीचा संशय ड्रायव्हरवर आहे. आजोबा म्हणतात, विजेचा दाब कमीजास्त होत असेल. शेजारी म्हणतात, पडदाच गेला, बदलावा लागेल. नवा पडदा म्हणजे काही हजार रुपयांचा खर्च, आणि त्याखेरीज रायपूरची किंवा भिलाईची फेरी. ह्या तिन्ही मतांपैकी खरे कोणते हे एकही स्क्रू न काढता ठरविता येईल काय? पुष्कळ अंशी येईल. मात्र त्यासाठी पडद्यावर चित्र कसे उमटते हे आधी समजून घेतले पाहिजे.

पडद्यावरील स्थिर दिसणारे चित्र वस्तुतः स्थिर नसते. आपल्या डोळ्यांना प्रकाशाचा ठसा क्षणभर धरून ठेवण्याची सवय आहे, आणि सिनेमाच्या किमयेत ह्या सवयीचाही वाटा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात झळकला. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारणपणे १६ चित्रे पडत. एवढ्याने हालचाल अखंड भासते, पण प्रकाश मात्र फडफडतो. त्यावर तोडगा असा निघाला की, प्रक्षेपकाच्या भिंगापुढे तीन पात्यांची फिरती झडप बसवावयाची, म्हणजे एकच चित्र तीनदा झाकले व उघडले जाते आणि सेकंदाला ४८ झोत पडतात. अंधाऱ्या थिएटरात तेवढे पुरले. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा ‘साइट’ नावाचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे होते. त्या संचांवर सेकंदाला २५ चित्रे येत, पण प्रत्येक चित्र दोन फेऱ्यांत, एक ओळ सोडून एक ओळ असे रेखाटले जाई. म्हणजे झोत ५० पडत.

प्रकाश जितका प्रखर, तितकी फडफड डोळ्याला अधिक जाणवते. अंधारात ४८ झोतांवर फसणारा डोळा उजळ पडद्यापुढे तितक्यावर फसत नाही. शिवाय नजरेच्या मध्यापेक्षा तिची कड ह्या बाबतीत अधिक चाणाक्ष असते. लॅपटॉपकडे सरळ पाहताना न दिसणारी थरथर शेजारच्या भिंतीकडे पाहताना जाणवते ती ह्यामुळेच.

लॅपटॉपचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा नव्याने लिहिला जातो. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे मिळून २०,७३,६०० ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन कप्पे. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग सांगावा लागतो! ही माहिती ग्राफिक्स चिपमधून निघते, बिजागरीजवळून जाणाऱ्या एका बारीक केबलमधून वर चढते, पडद्याच्या पाठीमागील नियंत्रक मंडलात पोहोचते आणि तेथून द्रवस्फटिकांच्या कप्प्यांना वाटली जाते. हे कप्पे स्वतः प्रकाशत नाहीत; त्यांच्या मागे एलईडी दिव्यांची रांग असते व कप्पे केवळ तिच्या प्रकाशाला वाट देतात किंवा अडवितात. ह्या वाटेवर कोठेही खंड पडला तरी डोळ्यांना दिसते ते एकच, लुकलुक. रोगी म्हणतो ताप आला; वैद्याला मात्र ताप कशाचा हे शोधावे लागते, तसेच हे.

आता ड्रायव्हर म्हणजे काय? हा शब्द ऐकताच मोटार हाकणारा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो, पण त्याला दुभाषी म्हणणे अधिक शोभेल. विंडोजसारखी कार्यप्रणाली एका भाषेत आज्ञा देते, ग्राफिक्स चिप दुसऱ्याच भाषेत त्या समजते, आणि ड्रायव्हर हा त्या दोहोंमधला दुभाषी प्रोग्रॅम. चित्र सेकंदाला कितीदा पाठवावयाचे, दिव्यांचा उजेड किती ठेवावयाचा, बॅटरी वाचविण्यासाठी चिपला केव्हा डुलकी घेऊ द्यावयाची, हेही तोच ठरवितो. यांतील शेवटची गोष्ट विशेष नाजूक आहे. अनेक लॅपटॉपच्या पडद्यात स्वतःची थोडी स्मृती असते. चित्र हलत नसेल तर पडदा तेच चित्र आपल्या स्मृतीतून पुनःपुन्हा लिहितो आणि चिप विसावते. चित्र हलू लागताच काम पुन्हा चिपकडे येते. ह्या हवाली करण्या-घेण्यात नव्या ड्रायव्हरने क्षणाची गफलत केली की पडदा मिचकतो. पडदा स्वस्थ असतानाच लुकलुकतो आणि चलच्चित्र लावताच शांत होतो, असे दिसल्यास प्रथम येथेच शंका घ्यावी.

तथापि नवी आवृत्ती आली आणि मग लुकलुक सुरू झाली, एवढ्यावरून दोष तिचाच असे म्हणता येत नाही. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडते. बिजागरीजवळची केबल रोजच्या उघडझापीने झिजत आलेली असू शकते आणि ती नेमकी त्याच दुपारी दगा देऊ शकते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय होते ते पाहावे.

आजोबांचे मत तपासणे सर्वांत सोपे. चार्जर काढून लॅपटॉप केवळ बॅटरीवर चालवावा. लुकलुक तशीच राहिली तर घरातील विजेला बोल लावण्याचे कारण उरत नाही.

शेजाऱ्यांच्या मतासाठी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा आणि चालू होताना यंत्राची मूळ मांडणी दाखविणारे पान उघडावे. त्यासाठी काही यंत्रांत एफ-२, काहींत एफ-१० किंवा डिलीट ही कळ दाबावी लागते. हे पान विंडोज जागे होण्यापूर्वीचे असल्यामुळे तेथे नव्या ड्रायव्हरचा शिरकाव झालेला नसतो. पाच-दहा मिनिटे त्याकडे पाहत बसावे, झाकण हलक्या हाताने थोडे मागेपुढे करावे. येथेही पडदा थरथरला तर दोष केबलचा, दिव्यांचा किंवा पडद्याचा समजावा आणि दुरुस्तीचे दुकान गाठावे. ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नये. पडदा निश्चल राहिला तर तो बदलण्याची घाई नको. (मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर निरोगी पडद्यावरही पुष्कळदा काळे पट्टे सरकताना दिसतात. दिव्यांचा उजेड कमी करण्यासाठी ते फार वेगाने उघडमीट केले जातात, ती उघडमीट कॅमेरा पकडतो. त्याला पुरावा मानू नये.)

मग विंडोजमध्ये शिरून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. बाकी सर्व लुकलुकते पण ही चौकट लुकलुकत नाही, असे झाल्यास गुन्हेगार एखादा दुसराच प्रोग्रॅम असण्याचा संभव अधिक. सर्वांबरोबर तीही लुकलुकली तर मुलीचा संशय बळावतो. घरी दूरचित्रवाणी संच असल्यास एचडीएमआय केबलने तो जोडून पाहावा: दोन्ही पडदे लुकलुकले तर दोष दोहोंच्या आधीचा, म्हणजे चिपचा वा ड्रायव्हरचा, संचावर चित्र स्वच्छ असेल तर मात्र निवाडा एवढा सोपा नाही, कारण पडद्याच्या स्मृतीचा जो व्यवहार वर सांगितला तो लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यापुरताच असतो.

उपाय करताना आधी हातातले काम जतन करावे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकत्र दाबल्या की पडदा निमिषभर काळा होतो व ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कधी एवढ्यानेच भागते. न भागल्यास डिव्हाइस मॅनेजर उघडून त्यातील डिस्प्ले अडॅप्टर्स ह्या सदराखालील चिपच्या नावावर जावे, तिच्या गुणधर्मांच्या चौकटीत ड्रायव्हर हे पान काढावे आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबावे. जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट, निर्जीव दिसत असेल तर जुनी प्रत यंत्रात उरलेली नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा.

मागे जाण्यात कमीपणा मुळीच नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर स्वतःच मागे घेतला होता, कारण त्यामुळे काही ग्राफिक्स कार्डांचे पंखे नीट न फिरता ती तापू लागली.

लुकलुक इतकी असेल की अक्षरेच वाचता येत नाहीत, तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करावे आणि तेथून सेफ मोडमध्ये जावे; तेथे विंडोज आपला साधा, जुजबी ड्रायव्हर वापरते. पण त्याआधी एक सावधगिरी. पुष्कळ लॅपटॉपमधील साठा कुलूपबंद असतो आणि ह्या वाटेवर तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून आधीच शोधून कागदावर उतरून घ्यावी. घरात कोणाला अपस्माराचा विकार असेल, तर जोराने लुकलुकणाऱ्या पडद्यापासून त्याला दूर ठेवावे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये एका व्यंगपटातील झगमगाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

जुना ड्रायव्हर बसविल्यावरही विंडोज नवी आवृत्ती पुन्हा घेऊन येण्याची शक्यता असते. म्हणून कुम्हारीच्या त्या मुलीने नव्या आवृत्त्या घेणे आठवडाभर थांबविण्याची सोय वापरावी, नकोशा ड्रायव्हरचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि आधी अर्ज भरून टाकावा.