आधी हवा, मग हार्डवेअर

जुन्या असेंबल्ड कॉम्प्युटरला नवं आयुष्य देता येतं. त्यासाठी खर्चाचा क्रम नीट लावावा लागतो, आणि आपल्या हवामानात तो क्रम उष्णतेपासून सुरू होतो.

मे महिना लागला की विदर्भ-मराठवाड्यात डेस्कटॉप कॉम्प्युटर कुरकुरू लागतात. गेम मध्येच अडखळतो, व्हिडिओ रेंडर व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, फॅनचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येतो, आणि कधी मशीन काम सुरू असतानाच बंद पडतं. मशीन जुनं झालं असं समजून माणूस दुकान गाठतो आणि ऐपतीप्रमाणे नवा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड घेऊन येतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपल्यामुळे, अपग्रेड करायचं की सगळंच नवं घ्यायचं, हा प्रश्न अनेक घरांत एकाच वेळी उभा राहिला आहे. या प्रश्नाचं उत्तर दुकानात जाण्याआधी घरीच शोधावं, आणि त्याची सुरुवात उष्णतेपासून करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

खोलीचं तापमान हाच पाया

कॉम्प्युटर जेवढी वीज ओढतो, तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. तीनशे वॅट ओढणारं मशीन म्हणजे खोलीत तीनशे वॅटचा हीटर लावल्यासारखंच. कूलर ही उष्णता नाहीशी करत नाही, फक्त चिपवरून उचलून खोलीच्या हवेत सोडतो. त्यामुळे साधा एअर कूलर असो की महागडा लिक्विड कूलर, चिपला तो खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

म्हणून प्रोसेसरचं तापमान पाहताना खोलीच्या तापमानापासून तो किती वर चढला, हे बघायला हवं. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७०वर स्थिरावत असेल, तर ही चढण ४५ अंशांची झाली. तोच फॅन, तेच काम आणि खोली ४२ अंशांवर गेली, की प्रोसेसर ८७च्या आसपास पोहोचतो. बहुतेक आधुनिक रायझन प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान असते, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची १०० अंश. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. परदेशी परीक्षणांतले कूलरचे आकडे साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे पारा ४५च्या पुढे जातो. आपल्याकडे कूलिंगचा विचार हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून करायला हवा, तो यामुळे.

खरेदीआधी मोजणी

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. आपलं रोजचं सर्वांत जड काम अर्धा तास चालू ठेवा आणि प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग, ग्राफिक्स कार्डचं तापमान आणि खोलीचं तापमान लिहून काढा. ही चाचणी सकाळच्या गारव्यात करून उपयोग नाही. भर दुपारी करा.

मग कॅबिनेटची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर कूलर बिचारा ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवाच पोहोचत नाही. फारसा फरक पडला नाही, तर दोष कूलरमध्ये, थर्मल पेस्टमध्ये किंवा साचलेल्या धुळीत शोधावा. या एका फुकटच्या प्रयोगाने पुढचा बराच खर्च योग्य जागी वळतो.

वेग कुठे अडतोय हेही तेव्हाच पाहून घ्यावं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर एसएसडी हवी. रॅम भरून जात असेल तर रॅम हवी. गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ९७-९९ टक्के वापरात असेल तर कार्डाची हद्द आली. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी गेम अडखळतोय, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा.

हवेची वाट

आपल्या घरांतल्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेटसाठी एक खण असतो, आणि बहुतेकदा त्याला मागून प्लायवूड ठोकलेलं असतं. मशीन जी गरम हवा मागे फेकतं, तीच फिरून पुढून आत येते. अशा खणातून कॅबिनेट बाहेर काढून मागे वीतभर जागा सोडली, की एक रुपया न खर्चता काही अंश उतरतात.

दुसरा अडथळा कॅबिनेटच्या दर्शनी भागात असतो. पुढची संपूर्ण काच आणि आत तीन रंगीत फॅन, हे दिसायला छान असलं तरी काचेतून हवा येत नाही. जाळीचा पुढचा भाग, त्यामागे १२० मिलिमीटरचे दोन फॅन हवा आत ओढणारे आणि मागे एक फॅन बाहेर टाकणारा, एवढी मांडणी मध्यम मशीनला पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवावी. मग हवा फटीफटींतून न येता जाळीतून गाळून येते आणि धूळ कमी बसते. फॅनची दिशा ओळखणं सोपं आहे. मोटरला आधार देणाऱ्या आडव्या काड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

धूळ काढायला ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. कूलरच्या पत्र्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असेल, तर फॅन सोडवून आतून साफ करावं. तीन-चार वर्षांपूर्वीची थर्मल पेस्ट वाळलेली असण्याची शक्यता बरीच. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी नवी पेस्ट थोडीशीच लावावी.

एक नेहमीचं मशीन

२०१८-१९मध्ये आपल्याकडे खूप खपलेली एक जोडणी उदाहरणासाठी घेऊ. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. विंडोज ११च्या प्रोसेसर यादीत २६०० आहे, त्यामुळे बायोसमध्ये टीपीएम सुरू केलं की फक्त विंडोजसाठी हे मशीन बदलायची गरज उरत नाही.

पहिला खर्च एसएसडीचा. हार्ड डिस्क सेकंदाला शे-दोनशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, तर पीसीआयई ३.० एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. रोजच्या वापरात सर्वांत मोठा फरक इथेच जाणवतो. दुसरा खर्च रॅमचा. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनेलचा फायदा मिळतो. घेताना डीडीआर४च घ्यावी. डीडीआर५ची खाच वेगळी असल्यामुळे ती या बोर्डात बसतच नाही. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने वर गेले, त्यामुळे किती लागते हे मोजूनच पैसे घालावेत.

तिसरा प्रोसेसर. एएम४ सॉकेटची खरी पुण्याई इथे दिसते. मे २०२०मध्ये एएमडीने बी४५० बोर्डांवर रायझन ५००० मालिका चालणार नाही असं आधी जाहीर केलं आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर काही दिवसांतच निर्णय फिरवला. म्हणून आज त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स३डी चालू शकतो. मात्र बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरची प्रोसेसर यादी आधी तपासावी आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करून घ्यावं. हे अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएसवरच करावं.

प्रोसेसर काढताना एक गोष्ट विसरू नये. एएम४च्या पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून वायर काढावी, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सुटा करावा. नवा कूलर लावताना त्याच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढलंय ना, हेही पाहावं.

चौथं ग्राफिक्स कार्ड, आणि त्याच्यासोबत एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड. आरटीएक्स ३०६० आहे १७० वॅटचं, आरटीएक्स ४०६० ११५ वॅटचं. या दोन्हींसाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असलं तरी स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचावा. तिथे १८ अँपिअर असेल, तर प्रोसेसर आणि कार्डासाठी मिळतात १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. हा भाग बदलताना हात आखडू नये. आणि नवा मॉड्युलर एसएमपीएस आणला तर जुन्याच्या वायरी त्याला लावू नयेत. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते. चुकीच्या वायरीने डिस्क जळू शकते.

कूलर किती मोठा?

६५ वॅटच्या प्रोसेसरला १२० मिलिमीटर फॅनचा, चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर भरपूर झाला. फक्त त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, हे मोजून घ्यावं. दुसऱ्या टोकाला कोअर आय९-१३९००केसारखा प्रोसेसर आहे, त्याची टर्बो मर्यादा २५३ वॅट. तिथे मोठा ड्युअल टॉवर किंवा ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर हवाच. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणं सोयीचं. पुढे लावला तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं पाहावं, म्हणजे हवेचा बुडबुडा पंपात अडकत नाही. लिक्विड कूलरमध्ये पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग असतो. एअर कूलरचा फॅन गेला तर नुसता फॅन बदलून काम भागतं.

वीज ओढण्यावर मर्यादा घालून घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय. १०५ वॅटचा म्हणून विकला जाणारा एएम४ प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. बायोसमधला इको मोड लावला, किंवा ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, तर वेग साधारणपणे मोजक्या टक्क्यांनीच घटतो. उष्णता आणि आवाज मात्र चांगलेच उतरतात. उन्हाळ्यापुरतं तरी हे करावं.

विदर्भात खोलीत वाळ्याचा कूलर असतो. त्याने खोली उतरते, मशीनलाही फायदा होतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, थेंब आणि क्षार आत जातात. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात दमट, खारी हवा धातूला खाते. तिथे पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये.

मोजणी, सफाई, हवेची वाट, मग एसएसडी आणि रॅम, मग प्रोसेसर, आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड व एसएमपीएस एकत्र, या क्रमाने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर थांबून पुन्हा मोजता येतं. पुष्कळांना तिसऱ्या टप्प्यातच हवं ते मिळालेलं असेल. फोन, टीव्ही, लॅपटॉप उघडणं आता कंपन्यांनी अवघड करून ठेवलं आहे. एका स्क्रू ड्रायव्हरने उघडणारं आणि सुट्या भागांनी सुधारता येणारं डेस्कटॉप हे घरातल्या शेवटच्या काही यंत्रांपैकी एक. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना शेजारी बसवून हे काम करा. पुढच्या वेळी मोजणीचा कागद त्यांच्या हातात असेल, आणि दुकानात काय मागायचं हे त्यांना ठाऊक असेल.