गोठलेल्या भूमीवरील अरण्य

जगाच्या नकाशात उत्तरेकडे एक रुंद हिरवा पट्टा दिसतो. स्कँडिनेव्हियापासून रशियामार्गे प्रशांत महासागरापर्यंत आणि पलीकडे अलास्का व कॅनडा ओलांडून अटलांटिकपर्यंत तो पसरलेला आहे. हीच तैगा, म्हणजे सूचिपर्णी अरण्ये. शाळेत असताना आपण सर्वांनीच भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत त्यांविषयी चार ओळी लिहिल्या आहेत: हिवाळा दीर्घ, उन्हाळा अल्प, पाने सुईसारखी, लाकूड मऊ. हे सारे खरेच आहे. परंतु पृथ्वीवरील एकूण वनक्षेत्राच्या सुमारे २७ टक्के भाग व्यापणारे हे अरण्य कशाच्या आधारावर उभे आहे, हा प्रश्न त्या चार ओळींत येत नाही. येथे आपण त्याचाच विचार करू.

प्रथम वृक्षांकडे पाहू. स्प्रूस आणि फर यांचा आकार शंकूसारखा असल्यामुळे फांद्यांवर साचलेला हिमभार घसरून खाली पडतो. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठते आणि मुळांना ते शोषता येत नाही. अशा काळात बारीक आकार आणि मेणचट आवरण यांमुळे पानांतील ओलावा टिकून राहतो. शिवाय पाने वर्षभर झाडावरच असल्यामुळे वसंताची ऊब येताच अन्ननिर्मिती सुरू होते. जेथे वाढीचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा, तेथे वाचलेला एकेक दिवस मोलाचा असतो.

मात्र पूर्व सैबेरियातील याकुतिया प्रांतात गेलो, तर चित्र बदलते. तेथील प्रमुख वृक्ष लार्च हा सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत आपली सारी पाने गाळून टाकतो. तेथील थंडीपुढे मेणचट आवरणाचाही निभाव लागणे कठीण असते. या प्रांतातील वेर्खोयान्स्क या गावी १८९२ साली शून्याखाली ६७.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते.

थंडीहूनही मोठे कोडे पाण्याचे आहे. याकुतियाची राजधानी याकुत्स्क येथे वर्षाकाठी पाऊस आणि हिम मिळून सुमारे २४० मिलिमीटर पाणी पडते. आपल्या माणदेशातही याहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पाण्यावर खुरटे गवत वाढावे. तेथे तर क्षितिजापर्यंत अरण्य आहे. मग हे अरण्य पाणी आणते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली आहे. शेर्गिन नावाच्या एका व्यापाऱ्याने १८२८ मध्ये याकुत्स्क येथे पाण्यासाठी विहीर खोदावयास घेतली. १८३७ पर्यंत खोदकाम चालले आणि विहीर ११६ मीटर खोल गेली, तरी पाणी लागले नाही. तळाशीही जमीन गोठलेलीच होती. अशा कायम गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिचा केवळ वरचा थर वितळतो. वितळलेले पाणी आणि पावसाचे पाणी खालच्या गोठलेल्या थरातून झिरपू शकत नाही. परातीत राहावे तसे ते वरच अडून राहते. लार्चची मुळे खोल न जाता याच उथळ थरात आडवी पसरतात आणि त्या ओलीवर वृक्ष जगतो.

आता याची दुसरी बाजू पाहू. बर्फवाल्याकडील लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतात, हे आपण पाहिले आहे. बाहेरची उष्णता आत शिरू न देणे, एवढेच त्या भुशाचे काम. अरण्यातील शेवाळ आणि गळलेल्या पानांचा जाड थर गोठलेल्या जमिनीसाठी हेच काम करतो. वर वृक्षांची सावली असतेच. म्हणजे गोठलेली भूमी अरण्याला पाणी पुरवते आणि अरण्य त्या भूमीला उन्हापासून जपते. दोघांपैकी कोणीही एकटे फार काळ टिकणार नाही.

हे आवरण काढले तर काय होते, याचा दाखला वेर्खोयान्स्क परिसरातच बातागाय या वस्तीजवळ पाहावयास मिळतो. १९६० च्या दशकात तेथील एका उतारावरील जंगल तोडले गेले. उघड्या जमिनीतील बर्फ वितळू लागला, माती खचली; खचलेल्या कड्याचा नवा भाग उन्हात आला आणि तोही वितळला. आज तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीचा प्रचंड खड्डा आहे आणि तो अद्याप वाढतोच आहे.

वणवा या अरण्याला नवा नाही. अधूनमधून लागणारी आग शेवाळाचा थर विरळ करते, त्या जागी लार्चचे बी रुजते आणि काही दशकांत अरण्य व शेवाळ दोन्ही परत येतात. या क्रमाला अवधी मात्र हवा. जून २०२० मध्ये त्याच वेर्खोयान्स्कमध्ये ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, याकुतियातील वणव्यांचा धूर थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचला. वणवे वारंवार येऊ लागले, तर शेवाळ पुन्हा साचण्यापूर्वीच जमीन तापू लागते.

याची झळ केवळ याकुतियापुरती राहत नाही. हजारो वर्षांतील मुळे, पाने आणि प्राण्यांचे अवशेष न कुजता या गोठलेल्या जमिनीत साठून राहिले आहेत. उत्तरेकडील अशा भूमीत आजच्या वातावरणातील कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन साठलेला आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जमीन वितळली की सूक्ष्मजीव हे अवशेष कुजवू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन वायू हवेत मिसळतात. त्या हवेला देशांच्या सीमा नाहीत. तिच्या उष्णतेचा वाटा आपल्या शेतापर्यंत आणि पावसाळ्यापर्यंतही येतो.

आपण वृक्षारोपण करतो तेव्हा आपली दृष्टी रोपावर असते, आणि ते योग्यच आहे. तैगा आपणांस त्याखालील भूमीकडेही पाहावयास शिकवते. तोडलेल्या वृक्षाच्या जागी नवा वृक्ष लावता येतो. पायाखालच्या शेवाळाने हजारो वर्षे जपलेली गोठलेली भूमी एकदा वितळली, की माणसाच्या हयातीत ती पुन्हा पूर्ववत होत नाही.