व्हाया नागपूर, टेंपलसाहेब खासदार!

सीताबर्डीत शॉपिंग, मग चाट आणि परतताना अजब बंगल्यासमोरून बाइकवर भन्नाट रपेट. पण हे म्युझियम १८६३ साली ज्याच्या कारकिर्दीत सुरू झालं, तो सर रिचर्ड टेंपल कोण, ठाऊक आहे? मध्य प्रांताचा चीफ कमिशनर. १८६२ मध्ये नागपुरात आला तेव्हा वय ३६. कामाचा झपाटा जबरदस्त, शिवाय वॉटरकलरमध्ये हात साफ. मिशनरी स्टीफन हिस्लॉप (होय, कॉलेजवालेच!) वारल्यावर त्यांची आदिवासींवरची टिपणं यानंच संपादित करून १८६६ मध्ये छापली.

इथवर हीरो. ट्विस्ट पुढे आहे.

१८७४ च्या बंगाल-बिहारच्या दुष्काळात टेंपलनं ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला. भूकबळी अगदी कमी. शाबासकी मिळायला हवी ना? उलट, पैसा उधळला म्हणून टीकाच झाली. साहेबानं हा फीडबॅक भलताच मनावर घेतला. १८७७ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुष्काळ होता. तिथे त्यानं दुष्काळी कामांवरच्या मजुरांचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, वर किरकोळ पैसे. दिवसभर राबून! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं विरोध केला, हजारो मजूर कामं सोडून गेले. त्या दुष्काळात लाखो माणसं मेली.

आणि टेंपल? त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर. प्रमोशनच की! १८८० मध्ये तेही पद सोडून इंग्लंडात निवडणूक लढवली, हरला. १८८५ मध्ये ईव्हशॅममधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा खासदार झाला, तो थेट १८९५ पर्यंत पार्लमेंटात बसला.