पंडिता रमाबाईंनी बायबल पुन्हा मराठीत का आणलं?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. इथल्या मुक्ती मिशनने १९२४ साली एक संपूर्ण मराठी बायबल प्रसिद्ध केलं. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून ते मराठीत आणलं होतं पंडिता रमाबाईंनी. ग्रंथ लोकांच्या हाती पडला तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

खरं तर मराठी बायबल तेव्हा नवं नव्हतं. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याची भाषांतरं केली होती. मग रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं पुन्हा याच कामाला का दिली? याचं उत्तर त्यांच्या आधीच्या चाळीस वर्षांच्या लेखनात सापडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

मार्टिन लूथरने १५१७ साली जर्मनीत पोपच्या अधिकाराला आव्हान देणारा वाद सुरू केला आणि त्यातून प्रोटेस्टंट पंथ उभे राहिले. धर्मग्रंथ हा धर्मगुरूपेक्षा मोठा, आणि तो प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे, हा त्यांचा गाभा. म्हणूनच लूथरने १५२२ साली 'नवा करार' जर्मन भाषेत आणला. काही जहाल सुधारक याच्याही पुढे गेले. पोपची सत्ता झुगारून तिच्या जागी नव्या चर्चची सत्ता बसवायची असेल तर उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता.

रमाबाई अशा एखाद्या जहाल पंथाच्या सदस्य नव्हत्या. पण हाच सवाल त्यांनी आधी हिंदू शास्त्रांना आणि नंतर इंग्लंडच्या चर्चला विचारला.

शास्त्र वाचणारी बाई

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. दुष्काळाच्या काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पण शास्त्रं जसजशी वाचली, तसतशी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. एरवी शास्त्रकारांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत, पण स्त्रियांना कमी लेखण्यावर मात्र त्यांचं एकमत आहे. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी हे स्पष्ट मांडलं.

त्यांचं पहिलं मराठी पुस्तक 'स्त्रीधर्मनीति' १८८२ साली पुण्यात निघालं. त्याचा सूर बराच सौम्य, उपदेशाचा आहे. बायकांनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं ते सांगतं. भाषा मात्र संस्कृतप्रचुर आहे. ज्या बायकांसाठी ते लिहिलं, त्यांच्यापैकी किती जणींना ते वाचता आलं असेल, ही शंका येतेच. चाळीस वर्षांनंतरचं बायबल पाहिलं की लेखिका किती बदलली हे कळतं.

चर्चशी भांडण

या पुस्तकाच्या विक्रीतून काही पैसे उभे करून रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. जोतीराव फुले मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

इकडे लोकांना वाटलं, बाई इंग्रजांच्या धर्मात विरघळली. तिकडे वेगळंच चाललं होतं. वाँटेजच्या जोगिणींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, त्यांचा पत्रांमधून वाद जुंपला होता. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचं तत्त्व त्यांना तेव्हा पटत नव्हतं. चर्च सांगतं म्हणून मानायचं, याला त्या तयार नव्हत्या. भारतातल्या पुरोहितांचं जोखड महाप्रयासाने उतरवलं, ते दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हाही त्यांनी ठाम विरोध केला. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, ती संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता.

सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. आज वाचताना दिसते ती विवेकाच्या स्वातंत्र्याची मागणी. ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली पुस्तकरूपात छापली.

अमेरिका आणि परतीचा वाद

आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक तिथे १८८७ साली निघालं. बालविवाह आणि वैधव्य यांची मांडणी करताना त्या शास्त्रवचनं आणि इंग्रजी कायदा या दोघांनाही जाब विचारतात. १८८९ साली अमेरिकेवर त्यांनी मराठीत प्रवासवृत्त लिहिलं. त्यात तिथल्या लोकशाहीचं कौतुक आहे, तशीच वर्णद्वेषावर आणि स्त्रियांना मत नसण्यावर टीकाही आहे.

१८८९ सालीच त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ साली वादळ उठलं. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना धर्माच्या नावाखाली ओढलं जातंय, हा टीकाकारांचा आक्षेप होता. मी कुणाला बोलावत नाही आणि येणारीला अडवतही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती.

मग भाषांतर कशासाठी?

१८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुली-बायका रमाबाईंच्या आश्रयाला आल्या. केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं ते यातूनच. यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. रमाबाईंना प्रचलित मराठी बायबलमध्ये दोन अडचणी दिसल्या. एक, त्याची संस्कृतप्रचुर मराठी या बायकांना कळत नव्हती. दुसरी, त्यातल्या काही शब्दांना हिंदू शास्त्रांतले अर्थ आधीच चिकटलेले होते. 'मोक्ष' किंवा 'अवतार' असा शब्द वापरला की ऐकणारीच्या मनात वेगळीच कल्पना उभी राहते. हा धोका संस्कृत पंडितेइतका दुसऱ्या कुणाला कळणार?

म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अर्थ इंग्रज मिशनऱ्याच्या हातून घ्यायचा नाही, मुळातूनच घ्यायचा. भाषा साधी, बोलण्यातली ठेवायची. छपाईच्या कामातही 'मुक्ती'तल्या बायकांचाच हात होता. ज्यांना एकेकाळी धर्मग्रंथ ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला, त्या आता ग्रंथ छापत होत्या.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांची मुलगी मनोरमा आदल्या वर्षीच गेली होती.

आज त्याचं काय?

मराठी चर्चमध्ये पुढे बायबल सोसायटीचंच भाषांतर रूढ राहिलं. शब्द इतके गाळून घेतल्यावर भाषा परकी वाटू लागते का, याबद्दलही मतभेद होऊ शकतात. त्यांचा धर्म पटो वा न पटो, त्यांनी विचारलेला प्रश्न कुठल्याही धर्माला लागू पडतो. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा हक्क कुणाचा? रमाबाईंचं उत्तर होतं, जी वाचते तिचा. आणि तिला वाचता यावं यासाठी आधी तिला अक्षर द्यायला हवं, मग तिला कळेल अशी भाषा.